चालत्या घरातला टीव्ही

घरात टीव्हीचं कपाट बसवायला आलेला सुतार भिंतीची काळजी करत नाही. ड्रिलने भोक पाडायचं, खुंटी ठोकायची, स्क्रू पिळायचा, झालं काम. पुढची वीस वर्षं ते कपाट जागचं हलत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज दुसरा जोर त्याच्यावर कधी येतच नाही. गाडीत मात्र भिंत हलते, तळ हलतो, छत हलतं, आणि तिन्ही एकाच वेळी एकाच बाजूला हलत नाहीत. राहण्याजोग्या गाडीला आपल्याकडे कोणी कॅराव्हॅन म्हणतं, कोणी कॅम्पर, आणि बरेच जण सिनेमावाल्यांच्या सवयीने व्हॅनिटी व्हॅनच म्हणतात. अशा गाडीत टीव्हीचं कपाट बसवायचं झालं तर ते घरातलं सामान समजून चालत नाही. पाटे, दरवाजे, सीट हे जसे गाडीचे भाग, तसाच तोही गाडीचा एक भाग आहे, असं धरूनच कामाला हात घालावा लागतो.

कर्जत तालुक्यातलं मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर वसलेलं. रात्रभर इथून ट्रॅव्हल्स जातात, हंगामात उसाची वाहनं जातात, आणि आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगर ओलांडून याच भागातून पंढरीकडे जाते; मिरजगाव हा तिच्या वाटेवरचा मुक्काम. दिंड्यांबरोबर ट्रक आणि टेम्पो असतात. कोणात स्वयंपाकाची भांडी, कोणात गाद्या-वळकट्या, कोणात रात्री पाठ टेकायची सोय. नारायणगावातून निघणारे तमाशाचे फडही वर्षाचे कित्येक महिने ट्रकमध्येच संसार थाटतात. तेव्हा चाकांवरचं घर आपल्याला परकं नाही. फक्त त्यात आता फळ्या-ताडपत्रीच्या जागी प्लाय, वीज, पंखा आणि टीव्ही आले. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून हौशी कुटुंबंही जुनी ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घेऊन ती राहण्याजोगी करून घ्यायला लागली आहेत. मिरजगाव परिसर त्या हौसेला सोयीचाच आहे. १९८० मध्ये जाहीर झालेलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, भीमेकाठचं सिद्धटेक, राशीनची यमाई, अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी, १७९५ च्या लढाईचं खर्डा. सगळं एकेका दिवसाच्या टप्प्यात.

गाडीत टीव्ही बसवायचं काम महाराष्ट्राने मात्र कॅराव्हॅन येण्याच्या फार आधी केलेलं आहे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर घरोघरी पोचायला लागला आणि पाठोपाठ रातराणी गाड्यांच्या कपाळावर ‘व्हिडिओ कोच’ ही अक्षरं झळकायला लागली. ड्रायव्हरच्या केबिनमागे जे पार्टिशन असे, त्यावर छताला लागून एक पेटी असायची. आत काचेच्या नळीचा टीव्ही, खाली किंवा बाजूच्या खणात व्हीसीआर. ज्यांनी ते काम केलं त्या बॉडी बांधणाऱ्या मिस्त्र्यांना जे प्रश्न पडले, तेच आज कॅम्परवाल्याला पडतात, म्हणून त्या पेटीकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

एकवीस इंची नळीच्या टीव्हीचं वजन वीस किलोच्या वर जाई, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या जाड काचेचा. म्हणजे टीव्ही नुसता फळीवर ठेवला तर तो आपणहून तोंडघशी पडायला बघणार. त्यावर उपाय म्हणून पेटीचा तळ मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवत, पुढच्या काठाला पट्टी उंच घेत, टीव्हीवरून पट्टा आवळत आणि बाजूंना स्पंजाचे तुकडे ठासत. एवढं करूनही एक अडचण उरायची. रंगीत नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरच्या नेमक्या ठिपक्यावर पडावा लागतो, आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्या झोताला जरासं ढकलतं. घरात टीव्ही एका दिशेला तोंड करून बसलेला असतो, चालू करताना आतलं वेटोळं त्या जागेपुरती चुंबकत्वाची सफाई करून घेतं, प्रश्न मिटतो. बस मात्र नगरला एका दिशेला आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या दिशेला तोंड करणार, शिवाय भोवती सगळं लोखंड. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात हिरवट-जांभळे डाग यायचे. ते टीव्हीचं दुखणं नसायचं, गाडीच्या दिशेचं असायचं. व्हीसीआरची कथा निराळी. त्यातलं टेप वाचणारं डोकं एका गोल डब्यावर बसवलेलं, आणि तो डबा आपल्याकडच्या पद्धतीत मिनिटाला १,५०० फेरे घेतो. टेपवरची एकेक तिरकी रेघ केसाहून बारीक. गाडी खड्ड्यात आदळली की डोकं रेघेवरून घसरायचं आणि पडद्यावर पांढरे पट्टे सरकायचे. म्हणून व्हीसीआर जाड स्पंजावर ठेवत आणि टीव्ही मात्र घट्ट आवळत. कोणती वस्तू आवळायची आणि कोणती तरंगती ठेवायची, हा विवेक त्या लोकांनी अनुभवाने कमावला होता.

आजच्या टीव्हीला नळी नाही, व्हीसीआरही नाही. बत्तीस इंची एलईडी टीव्ही साधारण चार किलोचा, सुमारे अठ्ठावीस इंच रुंद, सोळा इंच उंच, आणि चपटा. एवढ्या हलक्या वस्तूला काय होणार असं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. टीव्ही हलका झाला तरी कपाट हलकं झालेलं नाही. एकोणीस मिलिमीटर जाडीच्या प्लायची आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. तिचे खण, दारं, मागची फळी, वर सनमायका, बिजागऱ्या, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, खालच्या खणात चार पुस्तकं आणि चार्जर असा हिशेब केला की पंचवीस किलोचं बाड सहज होतं.

आता गणित करून पाहू. चांगल्या डांबरी रस्त्यावर जोराचा ब्रेक मारला तर वस्तूला पुढे ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या पाऊणपट-ऐंशी टक्के असतो. पंचवीस किलोच्या कपाटाला वीस किलोचा धक्का. एवढा कुठलाही स्क्रू सोसतो. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या उभ्या ट्रॉलीला धडकून साधारण मीटरभरात थांबली, तर तोच जोर वजनाच्या चौदापट होतो. पंचवीस किलोचं कपाट त्या क्षणी साडेतीनशे किलोचं होऊन पुढच्या सीटकडे झेपावतं. रात्री रस्त्याच्या कडेला दिवा न लावता उभी असलेली उसाची ट्रॉली या भागातल्या प्रत्येक ड्रायव्हरने पाहिलेली आहे. कपाटाची बैठक ठरवायची ती या साडेतीनशे किलोंकडे बघून. रोजच्या वीस किलोंकडे बघून नाही.

अपघात क्वचित होतो. थरथर मात्र रोजची. ती बारीक असते म्हणून ध्यानात येत नाही. गाडीचं धूड पाट्यांवर किंवा स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दोन वेळा वरखाली होतं, ते अंगाला जाणवतं. चाकं स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा उसळतात. आणि चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांवर नुसतं धकधकत उभं असलं तरी सेकंदाला पंचवीस ठोके देतं. एसीसाठी इंजिन तासभर चालू ठेवलं तर नव्वद हजार ठोके झाले, गाडी जागची हललीही नाही तरी. खिळ्याने ठोकलेला जोड या ठोक्यांत हळूहळू सुटतो. दाबून बनवलेल्या भुशाच्या बोर्डाच्या कडेत पिळलेला स्क्रू भोक मोठं करत राहतो आणि एक दिवस हाताने ओढला तरी बाहेर येतो.

नटबोल्टचं काय, असं कोणी विचारेल. नटबोल्टही सुटतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेने बसलेल्या धक्क्यांपेक्षा आडव्या दिशेने बसलेले धक्के जास्त घातक असतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरायला लागले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि नट आपोआप उलटा फिरत जातो. त्यांनी त्यासाठी केलेलं यंत्र आजही बोल्टच्या चाचणीत वापरतात. त्या चाचण्यांत आपल्या लाडक्या स्प्रिंग वायसरची कामगिरी यथातथाच ठरते, हे मिस्त्रीलोकांना पटवणं अवघड जातं, पण खरं आहे. गाडीत नायलॉक नट वापरावा. त्याच्या तोंडाशी नायलॉनचं कडं असतं, ते आट्यांना घट्ट धरतं. ताण कमी झाला तरी नट गळून पडत नाही. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नये, त्याची पकड पहिल्यांदाच वापरून होते. आणि मुळात जोड आडवा घसरूच नये म्हणून कपाटाचा तळ आणि पाठ दोन्ही धरायला हवेत. एकट्या तळाला चार बोल्ट मारले तर ब्रेकच्या वेळी कपाट तळाच्या कडेवर उलथायला बघतं आणि मागचे दोन बोल्ट उपटायचा सगळा ताण घेतात. वरून पाठीला दोन ठिकाणी धरलं की तो ताण फार कमी होतो.

धरायचं कशाला, हा सगळ्यात कळीचा प्रश्न. गाडीच्या आतून दिसतं ते अस्तर असतं. पातळ प्लाय, फायबरची शीट किंवा रेक्झिन. त्याच्या मागे फोम, त्याच्या मागे चौकोनी पाइपांचा किंवा दाबून वळवलेल्या पत्र्याचा सांगाडा, आणि त्याच्या बाहेर गाडीचा पत्रा. कपाट अस्तराला जोडलं तर ते अस्तरासकट येतं. सांगाडा शोधायला मोठं यंत्र लागत नाही. जुन्या स्पीकरमधला जोरकस लोहचुंबक रुमालात गुंडाळून अस्तरावरून सावकाश फिरवायचा. जिथे तो आत ओढला जातो तिथे पेन्सिलने खूण करायची. खुणा जोडत गेलं की पाइपाची उभी रेघ दिसायला लागते. बोटाच्या पेराने ठोकून आवाज बदलतो का तेही पाहायचं. दोन उभे पाइप सापडले की त्यांच्यामध्ये आडवी पट्टी किंवा चौकोनी पाइप बोल्टने बांधायचा, आणि कपाट त्या आडव्याला. म्हणजे कपाट हव्या त्या उंचीला बसतं आणि भार दोन्ही उभ्यांत वाटला जातो.

वेल्डिंगचा मोह होतो. आधीच तयार झालेल्या गाडीत तो आवरलेला बरा. अस्तरामागचा फोम पेट घेतो, वायरींचं आवरण वितळतं, आणि आजकालच्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक पेट्या वेल्डिंगच्या करंटने जळू शकतात. करायचंच असेल तर बॅटरीची जोडणी सोडून, फोम काढून आणि पाण्याची बादली जवळ ठेवून करावं. पाइपात मागून नट लावायला हात पोचत नाही, तिथे रिव्हेट नट कामाला येतो. पाइपाला भोक पाडायचं, आत आट्या असलेली ही नळी भोकात बसवायची, हत्याराने दाबली की पलीकडून ती फुगते आणि भोकात कायमची अडकते. मग पुढून बोल्ट पिळता येतो. स्वतः छिद्र पाडत जाणारे स्क्रू अस्तर आवळायला ठीक, कपाट टांगायला नाहीत.

ड्रिल चालवण्याआधी बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी, नाहीतर बिट बाहेरच्या पत्र्यातून आरपार जातं. तसलं एक भोक पहिल्या पावसात पाणी आत घेतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत भोवतीचा पत्रा गंजतो. तळात भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली शिरून डिझेलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरींचा जुडगा कुठून गेला आहे ते डोळ्यांनी बघून यावं. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

कपाट कशाचं करायचं यावर सुतार आणि फॅब्रिकेटर यांचं कधी एकमत होत नाही. माझा कौल मिश्र कामाला. सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाचा, फळ्या नऊ किंवा बारा मिलिमीटर प्लायच्या. त्यातही आयएस ७१० चा, म्हणजे ज्याला बाजारात मरिन प्लाय म्हणतात तो घेतला तर दमट हवेत आणि धुण्यापुसण्यात थर सुटत नाहीत. भुशाचा बोर्ड स्वस्त आणि गुळगुळीत, पण जड, आणि स्क्रू धरत नाही. प्लायला फक्त स्क्रू मारून थांबू नये. जोडाला फेविकॉल आणि आतून ॲल्युमिनियमचा कोन द्यावा. कोपरे गोल करावेत. गाडीत माणूस चालताना धडपडतो आणि हात, कपाळ, गुडघा नेमका कोपऱ्यावरच आपटतो. अस्तर, पडदे, गाद्या यांच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. घरगुती पडद्याचं कापड आणि स्वस्त फोम गाडीत वापरू नये असं त्या मानकाच्या भीतीने नव्हे, आगीच्या भीतीने सांगतो.

आगीचा विषय निघालाच आहे तर कपाटाच्या जागेबद्दल बोलू. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती, म्हणून दार उघडायची सोयच राहिली नाही. जे वाचले ते काचा फोडून. त्या घटनेनंतर कोणत्याही राहत्या गाडीत कपाट आखताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: गाडी दाराच्या बाजूला पडली तर माणूस कुठून निघणार? त्या खिडकीसमोर, मागच्या दारासमोर किंवा छतावरच्या झडपेखाली कपाट येता कामा नये. काचेवर प्लाय मारून तिथे टीव्ही टांगायचा प्रकार सर्रास दिसतो, कारण खिडकीची जागा सपाट आणि मोठी मिळते. तो बंद झाला पाहिजे.

जागा निवडताना बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या. पडदा ड्रायव्हरला सरळ किंवा आरशातून दिसता कामा नये. जड खण खाली, तळाजवळ. निजणाऱ्याच्या डोक्यावर काही लटकलेलं नको. व्हिडिओ कोचमध्ये छताला पेटी लावायचं कारण चाळीस जणांना दिसावं हे होतं. चार जणांच्या गाडीला ते कारण नाही, मग वजन उगाच वर कशाला न्यायचं? टीव्हीच्या नेमक्या समोर फ्रिज किंवा पाण्याची टाकी ठेवली तर डावी-उजवी बाजू तोलली जाते. बसणाऱ्याचे डोळे आणि पडद्याचा मध्य जवळपास एका उंचीवर आले की मान दुखत नाही. पाच-सहा फुटांवरून बघायला बत्तीस इंच पुरे. त्रेचाळीस इंचांचा हट्ट धरणाऱ्याने आधी गाडीत पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा चिकटवून त्याच्याशेजारून चालून बघावं.

टीव्ही कपाटाला जोडायचा तो त्याच्या पाठीवरच्या चार भोकांतून. ही भोकं कुठे असावीत याचं वेसा नावाचं जागतिक मानक आहे. लहान टीव्हीला १०० बाय १०० मिलिमीटर, जरा मोठ्याला २०० बाय १०० किंवा २०० बाय २००. स्क्रू कंपनीने सांगितलेल्याच लांबीचा घ्यावा. आखूड घेतला तर दोन आट्यांवर टीव्ही लटकतो, आणि लांब घेतला तर तो आतल्या सर्किटात किंवा पडद्याच्या पाठीत घुसतो. असा टीव्ही जोडतानाच मरतो. मधली पट्टी किंवा वायसर किती जाड आहे हे धरून लांबी मोजायची.

हात लांब करून फिरवता येणारा स्टँड घरात छान वाटतो. गाडीत तो उघड्या अवस्थेत टीव्हीला लांब काठीच्या टोकावर बसवल्यासारखा नाचवतो, कारण त्याची स्वतःची डुलण्याची गती नेमकी चाकांच्या आणि इंजिनाच्या ठोक्यांच्या जवळ येते. दोन्ही गती जुळल्या की छोटा धक्काही मोठं हेलकावणं होतो. म्हणून गाडी निघताना तो हात मिटवून कडीने किंवा पट्ट्याने कपाटाशी जखडायची सोय हवी. रबराचे बुश लावून थरथर मारू, असं काहींना वाटतं. रबर तेव्हाच उपयोगी पडतं जेव्हा त्याच्यावर बसलेल्या वस्तूची स्वतःची डुलण्याची गती येणाऱ्या ठोक्यांच्या मानाने पुरेशी संथ असते. फार मऊ घेतलं तर गाडीच्या सेकंदाला एक-दोन झोक्यांशी ती गती जुळते आणि टीव्ही पाळण्यात बसतो. खरखर थांबवायला कपाट आणि सांगाड्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची कडक रबरी पट्टी द्यावी. त्यापलीकडे रबराकडून फार आशा करू नये.

दारांचं म्हणाल तर घरातली लोहचुंबकाची पकड गाडीत टिकत नाही. घाटातल्या वळणावर दार उघडतं आणि आतला रिमोट, पेनड्राइव्ह, चहाचा डबा बाहेर. दाबून उघडणारी आणि दाबून बंद होणारी कडी लावावी, बंद झाल्याचा खटका ऐकू आला पाहिजे. ड्रॉवर गाडीच्या लांबीच्या दिशेने उघडणारे असतील तर ब्रेकला सुटतात. आडवे ठेवले तर वळणाला. कुठेही ठेवा, कडी लागतेच.

विजेकडे वळू. बत्तीस इंची टीव्ही चाळीस-पन्नास वॉट खातो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर हा चार अँपिअरचा भार झाला. शंभर अँपिअर-तासाच्या लेड ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं; तेवढ्यात टीव्ही दहा-बारा तास चालावा, इन्व्हर्टर मध्ये आला की त्याहून कमी. म्हणजे सिद्धटेकला एक मुक्काम निभतो. ही बॅटरी गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीपेक्षा वेगळी हवी, हे सांगायला नको. रात्री सिनेमा पाहून सकाळी धक्का मारायची वेळ कोणावर येऊ नये.

जुने ट्रक आणि बस घेऊन काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या गाड्यांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. टीव्हीसाठी त्यातल्या एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट ओढायची युक्ती दिंडीच्या ट्रकांत हमखास दिसते. ती बॅटरी जास्त रिकामी होते, दुसरी भरलेलीच राहते, चार्जिंग मात्र दोघींचं एकत्र. मग एक उपाशी मरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. दोन्ही बॅटऱ्या वर्षभरात टाकायची पाळी येते. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, त्यासाठी पैसे काढावेतच. बारा व्होल्टच्या गाडीतही इंजिन चालू असताना विजेचा दाब चौदा व्होल्टच्या वर जातो, तेव्हा टीव्ही तेवढं सोसणारा आहे की नाही हे त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर वाचून घ्यावं.

फ्यूज कुठे लावायचा? बॅटरीपाशी, धन टोकापासून हातभराच्या आत. बरेच जण तो टीव्हीपाशी लावतात. फ्यूज टीव्हीला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. बॅटरीपासून टीव्हीपर्यंतची वायर कुठेतरी पत्र्याच्या कडेवरून जाते, थरथरीत तिचं आवरण झिजतं, तांबं पत्र्याला टेकतं. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि वायर शेगडीच्या तारेसारखी लाल होते, तीही फोमच्या मधोमध. फ्यूज टीव्हीपाशी असेल तर त्याला याचा पत्ताच लागत नाही. पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी बुश, वर लवचीक पाइप, आणि दर वीतभर अंतरावर पट्टी. गाड्यांना लागणाऱ्या कित्येक आगींचं मूळ अशा झिजलेल्या वायरीत असतं.

कपाटाच्या पाठीला आणि माथ्याला जाळीच्या फटी ठेवाव्यात. कर्जत तालुक्यातला एप्रिल चाळीस अंश ओलांडतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत पारा साठीकडे जातो. टीव्हीचं माहितीपत्रक बहुधा चाळीस अंशांपर्यंतच चालवा म्हणतं. तेव्हा उन्हातून आल्यावर आधी दारं उघडून गाडी थंड करायची, मग बटण दाबायचं. जाळी बारीक हवी; इथली काळ्या रानाची धूळ कुठेही शिरते.

मुक्कामाच्या जागी चित्र कुठून आणायचं? मोबाइलचं नेटवर्क असेल तर प्रश्न नाही. रेहेकुरीच्या माळावर नसेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे, ती २००४ पासून महिन्याच्या भाड्याविना चालू आहे. तिचा उपग्रह जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर आहे. मिरजगावातून पाहिलं तर तो जवळपास नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास उंच येतो. हे गणित गाडी उभी करतानाच करावं: आग्नेयेला चिंच किंवा लिंब नको. छतावरची थाळी साठ अंश वर बघताना दिसत नाही, बरीच उभी दिसते, कारण ती मध्यातून न घेता एका बाजूने कापलेल्या वाटीसारखी असते आणि तिची नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. गाडी चालताना थाळी खाली पाडून बांधायची. वायर छतातून आत घेताना भोकाचं तोंड खाली वळवून वर सीलंट भरायचं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकात असलेला गाडीचा तपशील परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेले बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. प्रवासी गाडीच्या सीट काढून तिथे पलंग, ओटा आणि कपाट केलं की ती कागदोपत्री वेगळी गाडी झाली. राहत्या मोटारगाडीसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. आत बसवलेलं सामान पक्कं जखडलेलं असलं पाहिजे, ही अशा गाडीच्या व्याख्येतलीच अट आहे. टेबल मात्र काढता येण्याजोगं चालतं. आधी आरटीओ कार्यालयात विचारून, मान्यताप्राप्त बांधणाऱ्याकडूनच काम करून घ्यावं. अशा गाड्या तपासण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, आपल्या नगरलाच आहे. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी आहेत. जिल्ह्यातल्या ज्या तरुणांना या बांधणीच्या धंद्यात उतरायचं आहे, त्यांना तपासणीचं दार इतक्या जवळ असणं ही मोठी सोय आहे आणि तिचा फायदा घेतला गेला पाहिजे.

काम पुरं झालं की नटांवर नेलपॉलिशची किंवा ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढावी, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या पट्टीवर. मग सामान भरून, टीव्ही जखडून, गाडी मिरजगावहून कर्जत, राशीन आणि सिद्धटेकपर्यंत नेऊन आणावी. वाटेत सगळ्या प्रकारचे रस्ते आणि स्पीडब्रेकर भेटतात. एका माणसाने कपाटाशेजारी बसून कुठून टकटक येते ते ऐकावं आणि तिथे खडूने खूण करावी. परत आल्यावर टॉर्च घेऊन एकेक रेघ बघावी. जिथे रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकले आहेत, तिथला नट फिरला. तो नुसता पुन्हा आवळून भागत नाही. काढून टाकून नवा नायलॉक लावायचा आणि तो जोड आडवा का घसरतो आहे ते शोधायचं. बहुतेक वेळा तिथे पाठीचा आधार कमी पडलेला असतो.

पहिल्या महिन्यात दर फेरीनंतर, आणि पुढे गाडीच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला, हीच तपासणी.